बाद केलेल्या त्रेपन्न ओळी

३ फेब्रुवारी

चि. शेंडेफळास,
अ. उ. आ., आणि तितक्याच तक्रारी.

तुझं पत्र मिळालं. तीन पानं, त्यातली अडीच माकडांवर. (माकडं नाहीत, त्यांना शेपूट नसतं, हे तू आजवर चौदा वेळा लिहिलं आहेस. बरं बाई, चिंपांझी.) उरलेल्या अर्ध्या पानात बाबा कसे आहेत असं विचारलं आहेस. फोनवर मी नीट सांगत नाही अशी तुझी कुरकुर असते, पण दोन खोल्यांच्या घरात कुठेही उभी राहून बोलले तरी त्यांना ऐकू जातं. झटक्याने त्यांची वाचा नेली, कान नेले नाहीत. डॉक्टर म्हणतात की समजतं सगळं, शब्द तेवढे सापडत नाहीत. नऊ महिने झाले. उजवा हात मांडीवर पडलेला असतो, डावा चालतो. तोही चालला नसता तर बरं झालं असतं असं परवा मनात आलं आणि माझी मलाच लाज वाटली.

का ते सांगते. महिनाभर झाला, बाबांनी एक नवीनच चाळा सुरू केला आहे. डावा हात छातीपासून उचलतात, तळवा खाली, आणि बोटं बाहेरच्या बाजूला दोनदा झटकतात. आपण मांजराला हाकलतो तसं. चादर बदलली की नीघ. औषध दिलं की नीघ. अंग पुसून स्वच्छ कपडे घातले की नीघ. मी कामावर असते तेवढा वेळ शेजारच्या बाई बसतात, त्यांच्याकडे बघून मात्र छान हसतात. हाकलतात ते फक्त मला. काल मी विचारलं की माझं काय चुकलं, तर डोळे मिटून घेतले.

आता दुसरं. आमच्या कार्यशाळेत नवं यंत्र येणार आहे. मेणात एकेक दात बसवून कवळी करायचे दिवस संपले, आता ती पडद्यावर आखायची. ते शिकायला दोन महिने दुसऱ्या शहरी पाठवणार, तीन एप्रिलपासून, आणि मालकांनी माझं नाव घातलं आहे. गेले नाही तर ती जागा माझ्या हाताखालच्या बाईला, आणि पुढे मी तिच्या हाताखाली. एकवीस वर्षं लोकांच्या तोंडात दात घातल्यावर स्वतः तोंडात मारून घ्यायची माझी तयारी नाही.

शुश्रूषागृहात एक एप्रिलला एक खाट रिकामी होते आहे. दोन महिन्यांपुरतं ते घेत नाहीत. ठेवायचं तर कायमचं. फॉर्मवर दोघी मुलींच्या सह्या लागतात, तो सोबत जोडला आहे. मी जाऊन पाहून आले. स्वच्छ आहे, भिंती पिवळ्या आहेत, आणि ओळीने बसवलेली माणसं दाराकडे बघत असतात. बाबांना त्या ओळीत बसवायला माझं मन घेत नाही. पण त्यांनाच मी डोळ्यांसमोर नको असेन, तर मी कुणासाठी अडून बसू? हे एवढंच मला कळायला हवं आहे.

तुझा तपकिरी स्वेटर कुठे ठेवला आहेस? बाबांना घालीन म्हणते. आणि तुमच्याकडे सुट्ट्या कधी असतात?

लोभ आहे तो असू दे, राग आहे तो वाटेत पोस्टात हरवू दे.
तुझी,
ताई


९ फेब्रुवारी

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

सामानाची गाडी इथे मंगळवारी आणि शनिवारी येते. तुझं पत्र आज आलं आणि उत्तर याच गाडीने जावं म्हणून ड्रायव्हरला चहावर अडवून ठेवलं आहे, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

फॉर्म मिळाला. सही करायची ती करीनच, पण आधी माझं ऐक. तू विचारते आहेस तोच प्रश्न मी चार वर्षं या पत्र्याच्या खोलीत बसून सोडवते आहे. ज्याला बोलता येत नाही त्याच्या हाताचा अर्थ काय? आमच्या धंद्याचा पहिला नियम असा की हात हलला म्हणजे खूण झाली असं नाही. तीन गोष्टी पाहायच्या. ज्याला करायची त्याच्याकडे तो बघतो का, केल्यावर वाट पाहतो का, आणि उत्तर मिळालं नाही तर पुन्हा करतो का. या तिन्हींत बसेल तीच खूण. बाकीची नुसती हालचाल, ती वहीतून बाद.

दुसरा नियम मला फार आवडतो. खुणेचा अर्थ आपण ठरवायचा नाही, करणाऱ्यानेच ठरवायचा. काय मिळाल्यावर तो थांबला ते पाहायचं. इथल्या चिंपांझींत एक फताडी म्हणून म्हातारी आई आहे. (तिचे पाय बघितलेस तर नाव पटेल.) ती लेकीसमोर तळपाय उचलून धरते. लेक शेजारी बसली तरी तळपाय वरच. लेकीने फळ पुढे केलं तरी वरच. लेक पाठीवर चढली की पाय खाली. म्हणजे त्याचा अर्थ चढ, निघू या. अशा सतरा अर्थांची यादी आतापर्यंत जमली आहे, ती सोबत जोडते.

तेव्हा ताई, एक वही घे आणि चार रकाने आख. आधी काय झालं, बाबांनी काय केलं, तू काय केलंस, आणि ते थांबले का. चौदा दिवस, एकही वेळ न गाळता. तुला राग आलेला असला तरी लिहायचं. मग मी सांगते ते तुला हाकलतात की नाही.

स्वेटर पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत आहे. सुट्टीचं जूननंतर बघू. फताडीची थोरली लेक गाभण आहे आणि खुणा नोंदवणारं माझ्याशिवाय इथे कुणी नाही.

तुझ्या लोभावर इथलं टपाल चालतं, तो कमी करू नकोस.
तुझं,
शेंडेफळ


२६ फेब्रुवारी

चि. शेंडेफळास,
अ. उ. आ.

ही घे तुझी वही. चौदा दिवस, चौसष्ट ओळी. उंटावरून शेळ्या हाकणं तुला लहानपणापासून जमतं. परीक्षा तुझी असायची आणि अभ्यासाचं वेळापत्रक माझ्याकडून आखून घ्यायचीस.

सांगितलंस तसं सगळं लिहिलं आहे. एका हातात भांडं आणि दुसऱ्यात पेन्सिल, त्यामुळे एकोणिसाव्या ओळीवर दूध सांडलं आहे ते क्षम्य मान. बाबा माझ्याकडे आणि वहीकडे आळीपाळीने बघतात. त्यांना वाटत असेल, पोरीला वेड लागलं. कधी हात एकदाच हलवतात आणि डोळे मिटतात. कधी मी समोरच उभी राहून विचारत बसले, पाणी हवं का, उशी उंच करू का, खिडकी लावू का, तर पुन्हा हलवतात, आणि पुन्हा, अगदी डोळ्यांत डोळे घालून. तेव्हा मला फार लागतं. ते मात्र तुझ्या रकान्यात कुठे लिहायचं ते कळलं नाही.

तुझ्या सतरा अर्थांची यादी दोनदा वाचली. ये, जा, दे, थांब, खाजव, उचल, चढ. नुसत्या मागण्या! तुझी माकडं एकमेकांना कधी बरं आहे का म्हणून विचारतात की नाही? काल त्या झाडाची फळं गोड होती, असं एक तरी दुसऱ्याला सांगतं का? सहज विचारलं. कवळी घासता घासता असले विचार येतात.

डॉक्टरांची जुनी निळी फाइल तू कुठे ठेवली होतीस? माळ्याच्या कुलपाची किल्ली सापडत नाही. तुझी पुस्तकं खोक्यात भरून ठेवू का, की येऊन स्वतः बघशील? आणि जूनच्या आधी खरंच सुट्टी नसते? मालकांना दहा मार्चपर्यंत हो की नाही सांगायचं आहे. झोप लागत नाही, कामात हात चुकतो. परवा एका गृहस्थांची कवळी एवढी मोठी झाली की ते हसले तर घोडा लाजावा.

उत्तर लवकर धाड. तुझ्या शहाणपणावर नाही पण तुझ्यावर माझा लोभ आहे.
ताई


६ मार्च

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझ्या नोंदी इतक्या चोख आहेत की आमच्याकडची शिकाऊ मंडळी लाजतील. मी त्या तीन वेळा तपासल्या. आता लिहायचं आहे ते लिहिताना बरं वाटत नाही, पण तूच म्हणालीस की कळायला हवं.

चौसष्टपैकी त्रेपन्न ओळी मी बाद केल्या. त्यांत बाबांनी हात एकदा हलवला, वाट पाहिली नाही, पुन्हा केला नाही, उलट डोळे मिटले किंवा मान भिंतीकडे वळवली. आमच्या हिशेबी ती खूण नव्हे. मेंदूला इजा झालेल्या माणसाचा हात असा उगीचही हलतो. उरल्या अकरा. त्या मात्र अस्सल आहेत. बघितलं, थांबले, पुन्हा केलं. त्या अकरांत तू पाणी दिलंस, उशी सारखी केलीस, खिडकी लावलीस, तरी हात थांबला नाही. अकरापैकी नऊ वेळा तो थांबला तेव्हा तू खोलीबाहेर गेली होतीस.

ताई, त्या खुणेचा अर्थ जा असाच निघतो. तुझ्यावर राग आहे असं मी म्हणत नाही. आजारी माणसाला जवळच्याच माणसाची अडचण होते, ज्याने आपल्याला धडधाकट पाहिलं त्याच्यासमोर असं पडून राहणं नको होतं. तिथे परकी माणसं असतील आणि कदाचित ते सुटल्यासारखे होतील. फॉर्मवर सही करून सोबत पाठवते आहे. तू शिकायला जा.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. चार वर्षांत बरं आहे का असं विचारणारी खूण मी पाहिली नाही. कालच्या फळांबद्दल कुणी काही सांगितलं नाही. कौतुकाची नाही, आभाराची नाही. जे हवं ते आत्ता, इथे, एवढंच.

फाइल कपाटाच्या वरच्या खणात. किल्ली शिवणाच्या डब्यात बघ. पुस्तकं खोक्यात भरली तरी चालतील.

माझ्यावर रागावलीस तरी लोभ मोडू नकोस.
शेंडेफळ


१३ मार्च

चि. शेंडेफळास,
अ. आ.

पत्र, वही आणि सही मिळाली. मालकांना हो म्हणून कळवलं. शुश्रूषागृहात एकतीसला फॉर्म द्यायचा आहे, माझी सही तेव्हा करीन.

बाबांच्या कपड्यांवर नावाच्या पट्ट्या शिवायला सांगितलं आहे. मोज्यांवरसुद्धा. शिवते आहे. मी समोर बसून शिवते तेव्हा ते बघतात, म्हणून आता स्वयंपाकघरात बसते. काम झालं की लगेच बाहेर येते, त्यांना हात हलवायचा त्रास नको.

बंदरावरच्या क्रेनकाकांना कळवलं आहे. बाबांना तिथे नेण्याआधी एकदा भेटून जातो म्हणाले.

किल्ली डब्यात नव्हती.
ताई


१९ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

मला ओळखलंस का? तुझ्या बापाबरोबर बंदरावर सव्वीस वर्षं क्रेन चालवणारा मी. लहानपणी तू माझ्या टोपीत चिंचोके भरायचीस. पत्र लिहायची सवय नाही, तेव्हा गोड मानून घे. तुझी ताई म्हणाली की काका, हे तुम्हीच तिला लिहा, तिच्या कोष्टकात कुठे बसतं ते तिला बघू दे. कोष्टक कसलं ते मला ठाऊक नाही. झालं ते सांगतो.

काल दुपारी गेलो. तो खुर्चीत होता. आम्ही तासभर गप्पा मारल्या. हसू नकोस. कामावर तरी आम्ही तोंडाने कधी बोललो? मी चाळीस फुटांवर काचेच्या खोलीत, तो खाली धक्क्यावर. जहाजाच्या पोटातलं मला वरून काही दिसायचं नाही. त्याचा हात हेच माझे डोळे. पुस्तकात चौदा खुणा असतात. वर घे, खाली घे, डावीकडे, हळू, थांब. सगळ्या हुकमाच्या. काल त्याने डाव्या हाताने मला मालाचे तीन नग खोटेच उचलायला लावले आणि टेबलावरची कपबशी कशी जपून उतरवायची ते सांगितलं. हसून हसून माझी पुरेवाट झाली.

मग तुझी ताई आली. त्याचं तोंड पुसलं, शाल सारखी केली, चहा ठेवला. तशी त्याने हात छातीपासून उचलून दोनदा बाहेर हलवला, आणि मान वळवली. मी हसलो. तिला वाटलं मी तिलाच हसतो. रागावली. म्हणाली, बघा, तुमच्यासमोरसुद्धा मला हाकलतात.

पोरी, ती पंधरावी खूण आहे. पुस्तकात नाही. आमची दोघांची. एकदा वाऱ्यात एक नग असा झोके खायला लागला की खाली उभी असलेली सहा माणसं त्याच दिवशी गेली असती. त्याच्या हातावर नजर ठेवून मी तो जागेवर बसवला. तेव्हा त्याने उजवा हात छातीवर ठेवला आणि डाव्याने असं केलं. तुझं काम झालं, झकास झालं, आता उतर, पुढचं मी बघतो. त्या दिवसापासून रोज पाळी सुटताना करायचा. साहेबाला नाही, दुसऱ्या ऑपरेटरला नाही, मलाच. सव्वीस वर्षांत तीनदा केली नाही, आणि तिन्ही वेळा चूक माझी होती. दिवसभर मी त्या एका खुणेची वाट बघायचो. दुसऱ्या दिवशी शिडी चढायला पाय त्याच्यावरच उचलायचे.

आता त्याचा उजवा हात मेला, म्हणून अर्धीच उरली. अर्धी बघितली तर हाकलल्यासारखीच दिसते खरी.

उत्तराची तो वाट बघायचा नाही. खूण केली की पाठ फिरवायचा. उत्तर कसलं द्यायचं? मी दिवा मालवायचो आणि उतरायचो. पण मी उतरलो नाही तर मात्र पुन्हा करायचा, उतरेपर्यंत करायचा, माझ्याकडे बघत. माणूस वर ठेवून सिग्नलमनने जायचं नसतं.

हे ताईला सांगितलं. ती चहाची किटली हातात घेऊन मागच्या गच्चीत गेली आणि बराच वेळ आलीच नाही. चहा गार झाला. मी तसाच प्यालो.

तब्येतीला जप. म्हाताऱ्यावर माया असू दे.
तुझे,
क्रेनकाका


२४ मार्च

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

काकांचं पत्र कालच्या गाडीने आलं. रात्रीपासून मी एका जागी बसलेली नाही. सकाळी फताडी समोर येऊन गेली आणि माझ्या वहीत एक ओळ नाही.

तुझ्या नोंदींची प्रत काढून ठेवली होती, ती काढली. बाद केलेल्या त्रेपन्न ओळी पुन्हा वाचल्या. पहिला रकाना, आधी काय झालं. चादर बदलली. नखं कापली. दुपारचं औषध दिलं. केस विंचरले. दाढी केली, रक्त आलं नाही. त्रेपन्नच्या त्रेपन्न वेळा तुझं काम संपलेलं आहे. कामाच्या आधीची एकही ओळ नाही, एकही! जा म्हणणारा माणूस कधी तरी आधी म्हणेल की नाही? काखेत कळसा आणि गावाला वळसा. एकोणिसावी ओळ, जिच्यावर दूध सांडलं आहे, तिथे तू लिहिलं आहेस की दूध सांडलं म्हणून मी रडले, पुसून घेतलं, मग हात हलवला. ती मी बाद केली. बाबांनी वाट पाहिली नव्हती म्हणून.

मी बाबांना फताडी समजले, ताई. माझे चिंपांझी खूण करतात ती काही तरी मागण्यासाठी, म्हणून काय मिळाल्यावर थांबले हे विचारायचं असतं. बाबा मागत नव्हते, सांगत होते. सांगणाऱ्याने वाट कशाची पाहायची? तू तर साधं विचारलंस, ती कधी कुणाला बरं आहे का विचारतात की नाही, आणि मी चार वर्षं शिकलेली बाई, नाही असं लिहून त्याच पाकिटात सही घातली. मला माझी इतकी चीड आली आहे की हे तुला कसं सांगू ते कळत नाही. तुला त्यांनी दिवसातून चार-पाच वेळा शाबासकी दिली आणि मी तुला तिचा अर्थ जा असा कळवला.

मग तुझी पत्रं काढली. त्यांना मात्र माझे नियम लागू पडतात. स्वेटर कुठे. फाइल कुठे. किल्ली कुठे. पुस्तकं येऊन बघशील का. सुट्टी कधी, आणि पुन्हा सुट्टी कधी. मी एकेक मागणी पुरवली आणि तू थांबली नाहीस. हात बदलून बदलून पुन्हा करत राहिलीस. आमच्याकडचं शेंबडं पोरसुद्धा यावरून ओळखेल की हिला यातलं काहीच नको आहे. किल्ली तर तुझ्याच गळ्यात असते, ताई, लहानपणापासून, हे मला आत्ता आठवलं.

मी येते आहे. एकतीसला दुपारी घरी पोचते. चार वर्षांच्या चित्रफिती पाहून नोंदवायचं काम सहा महिने पुरेल आणि ते टेबल असेल तिथे करता येतं. हे मला बाबांना झटका आला तेव्हाही माहीत होतं. मी सांगितलं नाही, कारण मला भीती वाटत होती. ज्यांच्या एका हाताच्या इशाऱ्यावर जहाजं रिकामी व्हायची त्यांना असं बसलेलं बघायची. फताडीच्या थोरल्या लेकीचं निमित्त केलं. तिला पंधरवड्यापूर्वीच पिल्लू झालं, आणि मला विचारूनही नाही.

फॉर्म फाडू नकोस. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बाबांच्या औषधांच्या वेळा लिहून ठेव. तीन एप्रिलला तू जायचं आहेस.

लोभाची मागणी यावेळी करत नाही, आल्यावर बघ आणि ठरव.
तुझं,
शेंडेफळ


११ एप्रिल

चि. शेंडेफळास,
अ. उ. आ.

पोचले, स्थिरावले, आणि पहिल्याच आठवड्यात यंत्राने माझ्यापेक्षा वाईट दात केले म्हणून मनातून खूश झाले. वर्गात सगळे माझ्या अर्ध्या वयाचे. मला बाई म्हणतात आणि शंका मात्र मलाच विचारतात.

तू सविस्तर लिहीत नाहीस. बाबा खातात का? उजव्या हाताची नखं राहिली होती, ती कापलीस का? त्या मुठीत बोटं अडकतात, जपून उघडावी लागते. सकाळी साडेसहाला त्यांना कुशीवर वळवायचं, सात चालत नाही. सारखं वाटतं, उठावं आणि गाडीत बसावं. दर दोन तासांनी जीव वर-खाली होतो. औषधांच्या वेळाच त्या, दुसरं काय!

तुला ती खूण मिळाली का ते लिही. विचारणार नव्हते, पण राहवलं नाही.

दोघांवर जीव लावून बसलेली,
ताई


१९ एप्रिल

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

सविस्तर लिहिलं नाही कारण लिहायला वेळ म्हणून उरत नाही. अकरा महिने तू हे करत होतीस आणि मी तुला वर चार रकाने आखायला लावले. मी आल्या आल्या तू त्यावरून मला फाडून खाल्लं नाहीस हे तुझे उपकार.

बाबा खातात. माझ्या हातून सांडतं जास्त, पण खातात. पहिल्या दिवशी चादर बदलताना मी त्यांना जवळजवळ खाली पाडलं. चौथ्या दिवशी दोन वाजताचं औषध एकला दिलं. दाढी करताना रक्त आलं. सगळं खरं सांगते आहे, पण म्हणून गाडीत बसू नकोस.

खूण मिळाली नाही. दररोज काम आटोपलं की मी उगाच शाल सारखी करत उभी राहायची. ते खिडकीबाहेर बघायचे. चार वर्षं दुसऱ्याचे हात कधी हलतात म्हणून टपून बसले, पण अशी कासावीस कधी झाले नव्हते. तू निघालीस त्या सकाळी दारात त्यांनी तुला केली, आणि तू आपला उजवा हात छातीवर ठेवून त्यांचा राहिलेला अर्धा भाग पुरा केलास. मी मागे उभी होते, मी पाहिलं.  हेवा वाटला. काका मंगळवारी आले तेव्हा त्यांना विचारलं, तर म्हणाले की सव्वीस वर्षांत तीन वेळा चुकली ती नंतरची गोष्ट. सुरुवातीला तुझ्या बापाने मला आठ महिने झुलवत ठेवलं होतं.

काल त्या मुठीची नखं कापली. तू लिहिलंस तसं एकेक बोट उघडत गेले. घाई नव्हती. पहिल्यांदाच मनात खुणेचा विचार नव्हता, करंगळीचं नख आत वळलं आहे एवढंच दिसत होतं. पाऊण तास लागला. मग तो हात कोमट पाण्यात धुतला, पुसला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. सहा वाजले होते, बाहेर अजून उजेड होता. मी भांडं उचललं.

त्यांनी डावा हात छातीपासून उचलला आणि दोनदा बाहेर हलवला. खूण एकदाच. मग मान भिंतीकडे वळवली.

मला रडू फुटलं होतं आणि विचारायचं होतं, खरंच का, मलाच का. पण मी उभी राहिले असते तर त्यांना पुन्हा करावी लागली असती. नखांसाठी लावलेला दिवा मालवला आणि बाहेर आले. वहीत लिहिलं नाही.

तू दोन महिने पुरे करून ये. उद्या सकाळी साडेसहाला मी परत चढते आहे.

तुझा लोभ आता काम बघून मिळतो हे कळलं आहे, तेवढा ठेव.
तुझं,
शेंडेफळ